हीटरच्या जाळीतला बुवा

ज्याला खोटं वाटेल त्यानं खुशाल खोटं म्हणावं. पण मी गळ्यात माळ घातलेली बाई आहे. ही माळ हातात धरून लिहिते आहे.

मागच्या पौषातली गोष्ट. आमचं गाव सानगडी. दिवेलागण झालेली, आणि धुकं असं उतरलेलं की अंगणातून रस्ता दिसेना.

आमच्या जुन्या गाडीचा हीटर बिघडला होता. लावला की गार हवाच यायची. दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाईंना नागपूरला दवाखान्यात न्यायचं होतं. त्यांना दमा. गार वारा लागला की जीव कासावीस होतो.

"पाइपात हवा अडकली असन," आमचे हे, लिलाधर, मोबाइलवर व्हिडिओ पाहत म्हणाले. "मीच काढतो."

"पंखाबी तुमीच सुधारला होता. माळ्यावर पडून हाये अजून."

"लय बोलू नोको वो. अंदर बस अन् रेस दे. पान्यातले बुडबुडे बंद झाले का सांगतो. तवरी पाय काढू नोको."

त्यांनी गाडी सुरू करून दिली आणि बोनेट उघडलं. समोरचं सगळं झाकलं गेलं. आता ते मला दिसत नव्हते. नुसता आवाज यायचा.

"दे… अजून दे…"

डॅशबोर्डच्या आत पाणी गुळगुळत होतं.

आणि त्या गुळगुळ आवाजात… टाळ वाजला.

वाटलं, देवळातला भोंगा असेल. मी हवेच्या जाळीला कान लावला.

आत कीर्तन चाललं होतं.

काय गोड गळा होता त्या बुवाचा! आणि त्या आवाजाबरोबर ऊन ऊन हवा यायला लागली. मी कीर्तनवेडी बाई. ताटावरून उठेन, पण कीर्तनातून उठणार नाही. हरवलेल्या लेकराची कथा होती. माझे डोळे भरून आले. हात आपोआप टाळी धरायला लागले.

बुवा नावापाशी आला आणि थांबला.

कीर्तनात असंच असतं. बुवानं सोडायचं, आपण पुरं करायचं.

"विठ्ठल," मी म्हटलं.

कथा पुढं सरकली. पुन्हा थांबला.

"विठ्ठल."

तिसऱ्यांदा मी म्हटलं, तेव्हा माझ्या मागूनही कुणीतरी म्हटलं.

एकानं नाही… पुष्कळांनी.

मी वळून पाहिलं. मागची सीट रिकामी होती.

पण मागच्या काचांवर वाफ धरली होती. सगळीकडे नाही. गोल गोल. शेजारी शेजारी. दाटीनं बसलेल्या माणसांची तोंडं जिथं येतील, बरोबर तिथं.

"अहो!"

यांचा आवाज कधीपासून बंद झाला होता?

मी पाय काढला. तेव्हा कळलं… इंजिन चालूच नव्हतं. बंद करायला किल्लीला मी हातही लावला नव्हता. तरी ऊन हवा येतच होती.

दाराची कडी ओढली. कट् वाजलं. दार हललं नाही. काच खाली करायचा दांडा नुसताच फिरत राहिला. हॉर्न मुका. मला बाकी काही नको होतं. फक्त बाहेर पडायचं होतं.

बुवा थांबला होता. वाट पाहत.

तेव्हा लक्षात आलं. त्यानं स्वतः एकदाही देवाचं नाव घेतलं नव्हतं. दरवेळी माझ्याच तोंडून काढून घेतलं होतं.

आणि मी म्हटलं की काचेवर एक गोल वाढत होता.

मानेवर गार श्वास आला.

सगळे माझ्यासाठी खोळंबले होते. नाव जिभेवर आलं होतं. जन्माची सवय ती! मी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि नाव गिळलं.

टाळ बंद.

पाण्याचा आवाज बंद.

दार उघडलं.

"अवो, गाडी काहून बंद केली?" हे हातात बादली घेऊन उभे होते. "पानी आनाले गेल्तो मी. रडून कायले राहिली?"

मी खाली उतरले. त्यांनी किल्ली फिरवली. हीटर झकास चालला.

"पाह्य! झाला का नाई?"

पहाटे निघालो. सासूबाई मागं, गोधडी पांघरून. साकोली गेली, आणि मागून आवाज आला.

"विठ्ठल."

मग थोडा वेळ काही नाही.

"विठ्ठल."

"आई, झोपा ना जरा," मी म्हटलं.

"मोठा गोड सांगून राहिला वो बुवा," त्या म्हणाल्या. "तू काहून नाव घेत नाई?"

गाडी चालवणाऱ्या यांना बुवा ऐकूच येत नव्हता. मी मागं वळले नाही. नागपूर तर लांबच, भंडारासुद्धा अजून यायचं होतं.

सासूबाईंचा दमा आता बराच कमी आहे. डॉक्टरांनाही नवल वाटतं. पण दिवेलागणीला त्या स्वतःच अंगणात जातात, उभ्या गाडीत मागं बसतात, दार ओढून घेतात. एवढी सीट रिकामी, तरी अंग चोरून, एका कडेला.

संकटात नाव घ्यावं, असंच मी आजवर ऐकत आले. मी मात्र नाव गिळलं म्हणून सुटले.

आता त्या माउलीला, देवाचं नाव घेऊ नका, हे कोणत्या तोंडानं सांगू?