न उचललेली झूल

हिवरगडाच्या बुरुजावर उजाडलं तेव्हा खाली पेठेत बैलांची शिंगं रंगवणं सुरू झालं होतं.

वेशीच्या दगडावर गेल्या पोळ्याचा काळा डाग. पाच माणसांच्या रक्ताचा.

तांबडी झूल, कडेला कवड्या.

किल्लेदाराची दवंडी: आज वेशीत शिरणाऱ्या प्रत्येकाचा झाडा घ्यावा, हत्यार सापडल्यास काढून घ्यावं. देशमुख असो वा भिक्षेकरी, कोणास सूट नाही.

एका बहिणीचा निरोप: जेवायला येशील ना, दादा?

तंटा एवढाच, की तोरणाखालून पहिला बैल देशमुख घराण्यातल्या थोरल्या पातीचा जावा की धाकट्या पातीचा. झाड्याचं काम हवालदार रायाजी कानवडेंकडे आलं. त्यांची बहीण भागू धाकट्या पातीत दिलेली.

दुपार कलली. रायाजींनी पागोटी सोडवली, शेले झटकवले. थोरल्या पातीचे तुकोजी देशमुख हात वर करून हसले.

"हवालदार, मिशीतही बघा. एखादी कट्यार निघायची."

"मिशीला धार असती तर तीही ठेवून घेतली असती, सरकार."

लोक हसले. तेवढ्यात तुकोजींचा बैल हलला आणि झुलीखाली लोखंड वाजलं.

पूजा करून घरच्या बाईने घातलेली झूल सूर्यास्तापर्यंत परक्याने उचलायची नाही, हा पेठेचा रिवाज. तो ठाऊक असून, बायकांचे शिव्याशाप ऐकत, आयुष्यभर ज्या बैलांना हात जोडले त्यांच्याच पाठीवरून रायाजींनी एकेक झूल उचलली, आणि दोन्ही पातींच्या माणसांच्या तलवारींचा ढीग वेशीपाशी रचला.

शेवटचा बैल भागूचा, पाठीवर कवड्यांची तांबडी झूल. ती आरतीचं ताट घेऊन आडवी आली.

"दादा, ही माझ्या हातची आहे. हिला हात लावलास तर माझं माहेर संपलं."

"भागू, आत काही नाही ना?"

"माझ्यावर विश्वास नाही?"

रायाजी बाजूला झाले.

बैल तोरणाखाली पोहोचला. भागूच्या नवऱ्याने, सिधोजीने, झुलीखाली हात घालून तलवार उपसली. तुकोजींजवळ वार अडवायला काठीसुद्धा नव्हती. हत्यार रायाजींनीच काढून घेतलं होतं.

थोरल्या पातीची माणसं ढिगाकडे धावली. रायाजी आपली तलवार फेकून, हात पसरून ढिगापुढे उभे राहिले.

"आधी मला तुडवा."

काठी खांद्यावर बसली, हाड मोडलं. ते हलले नाहीत. गडावरून शिबंदी येईपर्यंत एकही तलवार ढिगातून निघाली नाही. दगडावर त्या वर्षी एकाचंच रक्त पडलं, तुकोजींचं.

किल्लेदारांनी विचारलं, "सिधोजी म्हणतो, तलवार वेशीच्या आत कोणीतरी हातात दिली. खरं?"

'खरं आहे' म्हटलं असतं तर मेहुणा कदाचित वाचला असता, हवालदारी तर नक्कीच.

"नाही, सरकार. एक झूल मी उचलली नाही. बहिणीची."

सिधोजीचा कडेलोट झाला. रायाजींची हवालदारी गेली. तेराव्या दिवशी ते भागूच्या दारात उभे राहिले. तिने आत बोलावलं नाही. उंबऱ्यापाशी बसून ती बराच वेळ झुलीच्या कवड्या उसवत राहिली.

"उचलायची होतीस रे, दादा."

पोळ्याच्या सकाळी भागूने घातलेल्या झुलीच्या आत सिधोजीने तलवार बांधली, तेव्हा भागू घरात चुलीपाशी बैलासाठी पुरणपोळी भाजत होती.