एकेचाळिसावं पान

हनुमंत लातूरच्या एका कॉलेजात अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होता. पर्मनंट व्हायला पीएचडी हवी, आणि प्रबंधात काहीतरी अप्रकाशित असल्याशिवाय तो पुढे सरकत नाही, असं गाइडनं त्याला तोंडावर सांगितलं होतं. तेव्हा कुणीतरी शिरूर अनंतपाळच्या कावेरीबाईंचं नाव सांगितलं. जन्मभर अंगणवाडी सांभाळलेली बाई. गेल्या त्याला नऊ-दहा महिने झाले होते, मागे रोजनिशीच्या सतरा वह्या होत्या.

तो ऑगस्टमध्ये गेला. मुलगी उज्वला घरी होती. तिनं ट्रंक उघडून दिली, पण आधीच बजावलं, "आई सांगून गेली हाय सर. हितं बसून वाचा. उतरून न्यायचं न्हाई, छापायचं तर न्हाईच."

हनुमंत हो म्हणाला. ती चहा ठेवायला आत गेली तेवढ्यात यानं मोबाइल काढला आणि चाळीस पानांचे फोटो मारले. मेलेल्या बाईचं कोण विचारतंय! संशोधनासाठी उतारा घ्यायची कायद्यात मुभा आहे, हे त्याला पाठ होतं. चार ओळींचा उतारा वेगळा आणि चाळीस पानं वेगळी, हेही कळत होतं, पण कळून काय करायचं? गाइडनं परवानगीचं विचारलं तेव्हा घरच्यांची आहे म्हणाला. फोटोंच्या प्रिंट परिशिष्टात लावायच्या ठरल्या.

झेरॉक्सवाल्यानं पानं मोजली, एकेचाळीस भरली. हनुमंतनं शेवटचं पान काढून पाहिलं. तीच जांभळी शाई, तेच गोल अक्षर, वर त्याच दिवसाची तारीख, ज्या दिवशी तो तिथं बसला होता.

'आज लातूरचे सर आले. चहा तेवढा विचारून घेतला.'

हा उज्वलाचा चावटपणा, आईचं अक्षर गिरवलं असेल, आपल्याकडून फोटो निघाला असेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली. पान फाडलं, मोबाइलमधूनही काढून टाकलं. प्रबंध बांधून झाला, प्रती नांदेडला विद्यापीठात गेल्या, तोंडी परीक्षेची तारीख पडली.

आदल्या आठवड्यात दुपारी डबा खाताना त्यानं आपली प्रत सहज चाळली. परिशिष्टाला एकेचाळिसावं पान होतं.

'आषाढात औशाच्या रजिस्ट्रीत बहिणीला नेलं. पीकविम्याचा कागद आहे म्हणाला. साहेबानं विचारलं तेव्हा मान हलव म्हणाला. तनुजानं कागद वाचला नाही. भावाच्या तोंडाकडे बघत होती.'

त्यानं डबा बाजूला सारला.

ते हक्कसोडपत्र होतं. रानातला तनुजाताईचा हिस्सा त्यानं तिला न सांगता स्वतःच्या नावावर करून घेतला होता. कुणालाही माहीत नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. आई लवकर गेली तेव्हा ह्याच ताईनं शाळा सोडून त्याला कडेवर वाढवलं. औशाला तिच्या घरी गेलं की आजही ती त्याच्या ताटात आधी वाढायची. जगात त्याला तेवढं एकच दार उघडं होतं. ते आपण कशासाठी पणाला लावलं, याची त्याला आता लाज वाटली आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

आणि सहीच्या वेळी कावेरीबाई जाऊन नऊ महिने झाले होते.

तो तसाच शिरूरला निघाला. मूळ वह्यांत ते पान नसलं तर झेरॉक्सवाल्यानं भलतंच पान मिसळलं, असं परीक्षकांपुढे सांगून सगळं ढकलता आलं असतं.

उज्वला अंगणात तूर पाखडत होती. त्याला वह्या पुन्हा बघायच्या होत्या. तिनं ट्रंक ओढून दिली.

त्यानं एकेक वही पानापानानं पाहिली. सतरा वह्या. ते पान कुठंच नव्हतं.

त्याला इतकं हलकं वाटलं की हसूच आलं.

"सगळ्या एवढ्याच ना?" त्यानं विचारलं.

"अठरावी निघाली की तळाला. मला बी ठावं नव्हतं."

"कुठाय?"

"दिली. वर आईनंच लिवलं व्हतं, हिला द्यावी म्हणून. नाव, गाव, फोन नंबर सगळं. मी काल फोन लावला, त्या आज सकाळीच आल्या औशाहून."

हनुमंतनं ट्रंकेचं झाकण लावून टाकलं.

"लई शांत बाई," उज्वला म्हणाली. "हितंच बसून सगळी वाचली. पाणी सुदीक घेतलं न्हाई."

"आणि मग?"

"मग गेल्या. शाई वाळली नव्हती ना अजून, पानं चिकटतील म्हणून वही उघडीच धरून एस्टीत बसल्या."