सांधलेला शनिवार

अंतराळातल्या कचऱ्यानं उपग्रहांचा चुरा केला त्याला बावीस वर्षं झाली होती, आणि दांडेवाडीला त्याचं फारसं दुःख उरलं नव्हतं. वाडीतले पुरुष दूर दक्षिणेला, समुद्रतळाची खनिजं उपसणाऱ्या तरंगत्या फलाटावर कामाला होते. दर शनिवारी दिवेलागणीला ते लघुलहरींवरून बोलत, माणशी दोन मिनिटं. वाडीत याला ‘हाक’ म्हणत. हाक एकाच बाजूची. इकडचं उत्तर जायचं ते जहाजाच्या पत्रानं, वर्षातून एकदा.

आणि हाक बुडायची. आवाज चांगला येता येता विरून जायचा, नुसती खरखर उरायची, मग पाच-सहा शब्दांनंतर पुन्हा वर यायचा. मात्र प्रत्येक घरावर रेडिओसाठी ताणलेल्या तारेवरचं बुडणं वेगळं. म्हणून रविवारी सकाळी विहिरीवर ‘जोडणी’ व्हायची. तुझ्या घोवाचं मला हे आलं, माझ्याचं तुला काय आलं? चौदा घरांच्या चिंध्यांची एक गोधडी. कुणालाच आलं नाही ते ‘बुडालं’ म्हणायचं आणि कळशी उचलायची.

द्वारका कुबलच्या गोधडीला एक भोक होतं. तिचा नवरा शशिकांत परत कधी येणार? लेकीचं लग्न त्याच्यासाठी दोनदा पुढे ढकललं होतं, आणि व्याह्यांची पत्रं हळूहळू आखूड होत चालली होती. द्वारकाच्या रेडिओला मिळालं होतं ते एवढंच: ‘करार’, ‘लग्नाचं’, ‘वाट’. करार संपत आला, लग्नाचं ठरवा, वाट बघा. तिनं अर्थ लावून टाकला होता. तारीख तेवढी बुडत होती. म्हणून हाक नीट ऐकू यावी यासाठी संशोधन केंद्राला अर्ज तिनंच लिहिला. सह्या घेताना काही बायका हातात पेन असून पेन शोधत होत्या, हे तिनं तेव्हा मनावर घेतलं नाही.

केंद्रातून डॉ. मृण्मयी सोहनी आल्या. शाळेच्या खोलीत त्यांनी पेटीएवढं यंत्र मांडलं.

“तुमच्या रेडिओत दोष नाही, द्वारकाताई. वर आकाशात विद्युत्भारित हवेचा थर आहे, तो आरशासारखा लहरी परतवतो. पण आरसा हलता. त्यामुळे एकच आवाज दोन-तीन वाटांनी तुमच्या तारेवर उतरतो. लहरी एका पावलात आल्या तर आवाज मोठा. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडला, तर दोन्ही गायब.”

“दोन जावा एका चुलीवर.”

“तसंच. पण त्याच क्षणी तुमच्या शेजारच्या येसूवहिनींच्या तारेवर ते भांडण नसतं. दोनशे पावलांवर लहरींचा मेळ वेगळा. म्हणून चौदाही तारा एकत्र करायच्या आणि क्षणाक्षणाला जिचा आवाज ठीक, तिचा उचलायचा. हे सांधणीयंत्र.”

“हे आम्ही विहिरीवर करतोच की.”

“तुम्ही आठवणीनं करता. हे काही विसरत नाही.”

वाडीतला प्रत्येक रेडिओ वर्षभराच्या हाका स्वतःत साठवून ठेवी. यंत्राची घडी बसवायला बाईंनी सगळे रेडिओ मागवून घेतले होते. त्यांनी शिमग्याआधीचा शनिवार लावला. पडद्यावर प्रत्येक घराला एक रंग. ज्या घरात शब्द पोचला, त्या घराचा रंग उजळायचा.

शशिकांत शेजारच्या खोलीतून बोलावा तसा बोलू लागला.

“द्वारका, मी पुन्हा करार केलाय, पाच वर्षांचा. लग्नाचं माझ्यासाठी अडवू नको. माझी वाट बघू नको. इकडच्या बंदरात माझं बिऱ्हाड आहे. तिसऱ्यांदा सांगतोय. वाडीतलं कुणीतरी ऐकत असेल, त्यांनी तिला सांगा.”

‘पाच वर्षांचा’ पिवळ्या रंगात होतं, येसूच्या. ‘बिऱ्हाड’वर चार रंग होते. ‘तिला सांगा’वर नऊ. द्वारकाचा निळा रंग तीनच शब्दांना चिकटला होता.

“एक शब्द वाया गेला नाही बघा,” डॉ. सोहनी म्हणाल्या, आणि मग त्यांनी मागे वळून पाहिलं.

“त्या रविवारी येसूनं मला काय सांगितलं, ठाऊक आहे?” द्वारका म्हणाली. “भावोजी बरे आहेत, बाकी बुडालं.”

तेवढ्यात येसूच दारात उभी राहिली. “झालं का गो तुझं? बाई, आता माझ्या घरच्यांचा एखादा शनिवार लावा. पौषापासून त्यांची हाकच लागत नाही.”

द्वारकानं पुढे होऊन आपल्या रेडिओची वायर यंत्रातून उपटली. “माझा मी घरी नेते.”

“थांबा हो, नेऊ नका,” बाई भोळेपणानं म्हणाल्या. “गणपतीआधीच्या शनिवारी यांचे यजमान दोन मिनिटं सलग आलेत, ते फक्त तुमच्याच रेडिओवर.”

येसूनं आधी पडद्याकडे पाहिलं. तिथं तिचा पिवळा रंग अजून उजळलेलाच होता. मग तिनं द्वारकाकडे पाहिलं.

“तू मला म्हणालीस, जरा खोकला होता,” ती म्हणाली.

“होता खोकला.”

“आणि बाकी?”

येसूच्या नवऱ्यानं, दिनकरनं, त्या दोन मिनिटांत सांगितलं होतं, डॉक्टरांनी हात टेकलेत, येसू, या जहाजानं चार ओळी पाठव. ते जहाज कार्तिकात पत्रं घेऊन गेलं होतं. त्यात येसूचं पत्र नव्हतं.

द्वारका हातातली वायर गुंडाळू लागली. येसूनं पुन्हा विचारलं नाही. तिनं आपला रेडिओ उचलून काखेत मारला आणि म्हणाली, “चल, पाणी भरायचंय.”

पुढल्या शनिवारपर्यंत चौदांपैकी अकरा तारा जमिनीवर आल्या. केंद्राच्या अहवालात माकडांचा उपद्रव अशी नोंद झाली. त्या आठवड्यात वाडीत माकड कुणी पाहिलं नव्हतं.

दिवेलागणीला द्वारका सवयीनं रेडिओपाशी बसली. शशिकांतचा आवाज आला आणि नेहमीच्या जागी बुडाला. पण आता खरखरीतला शब्द न् शब्द तिला कळत होता. त्याची दोन मिनिटं संपली. पुढची पाळी दिनकरची.

कुंपणापलीकडे येसूनं रेडिओचा आवाज होता तेवढा मोठा केला. दोन मिनिटं पूर्ण होईपर्यंत तिच्या घरातून ती खरखर सगळ्या वाडीला ऐकू येत राहिली.