धक्क्याखालचं गार पाणी

“ओढ! अरे, दोरी ओढ म्हटलं, माझी वेणी नाही!” टाचणी ओरडली.

होडी डुगडुगली. भोंग्याने वेणी सोडून दोरी धरली, आणि सरोवराच्या मधोमध, तरंगत्या नारिंगी पिंपाखाली बांधलेला जाळीचा पिंजरा पाण्याबाहेर आला. मावशीने तो जवळ ओढला, दार उघडलं आणि ती काहीच बोलली नाही.

मावशी गप्प बसली की प्रकरण गंभीर समजावं. एरवी ती शिंपल्यांशीसुद्धा गप्पा मारायची.

टाचणी अंगाने बारीक आणि प्रश्नांनी टोकदार होती, म्हणून टाचणी. भोंगा तिचा मावसभाऊ. तो कुजबुजला तरी पलीकडच्या काठावरचे पक्षी उडायचे. टाचणीचा धाकटा भाऊ हे दोघे जातील तिथे मागोमाग जायचा; त्याला शेपूट का म्हणत, हे सांगायला नको. सुट्टी लागली की तिघं मावशीकडे येत. सरोवर संशोधन केंद्रातले मासे आणि शिंपले ठणठणीत आहेत की नाहीत, हे पाहणं मावशीचं काम होतं.

“मेले?” शेपटाने पिंजऱ्यात डोकावून विचारलं.

“बरेचसे. उरलेत ते तोंड मिटून बसलेत.” मावशीने एक शिंपला तळहातावर घेतला. “हा दिवसभर पाणी आत घेतो, त्यातलं खाणं गाळून ठेवतो, पाणी बाहेर सोडतो. पाणी घाण वाटलं की तोंड मिटतो. पण मिटून मिटून किती दिवस मिटणार? उपाशी मरायचं की घाण प्यायची, एवढंच त्याच्या हातात उरतं.”

“शिंपल्याला हात नसतात,” शेपूट म्हणाला.

कोणी हसलं नाही.

मावशी एवढी गंभीर का, हे टाचणीला माहीत होतं. उद्या केंद्रात पाहुण्यांची समिती येणार होती. संचालकसाहेबांच्या नमुन्याच्या बाटल्या दोन वर्षं सांगत होत्या की सरोवर स्वच्छ आहे. समितीला ते पटलं की हेच पाणी शहरातल्या नळांना सुटणार होतं. आणि बाटल्या खऱ्या म्हटल्यावर शिंपले खोटे ठरत होते. शिंपले विभाग उद्यापासून बंद! त्या विभागात माणसं किती? एकटी मावशी.

“अगं, मग तू सांग ना साहेबांना!”

“सांगितलं. ते म्हणाले, बाटली खोटं बोलत नाही.”

“आणि शिंपले बोलतात?” भोंगा गरजला. दोन बगळे उडाले.

“मला वाटतं, बाटलीतच काहीतरी चुकतंय,” मावशी म्हणाली. “पण नुसतं ‘वाटतं’ म्हणून भागत नाही रे. दाखवावं लागतं.”

तिने मेलेले शिंपले एका थाळीत घेतले, जिवंत होते ते बादलीत, आणि होडी वळवली.

दुपारी तिघं केंद्राच्या लाकडी धक्क्यावर तोंडं पाडून बसले होते. धक्क्याच्या टोकाला छप्पर होतं, बाक होता, आणि एक पाटी होती: ‘सुधारलेल्या सरोवरात आपले स्वागत’. त्या पाटीखालीच बाटलीकाका कठड्यावर वाकून दोरीने बाटली पाण्यात सोडत होते. केंद्रात त्यांच्या हुद्द्याला भलंमोठं नाव होतं, पण ते कोणाला एका दमात म्हणता येत नसे.

“ताई, इथे पाणी गार आहे!” शेपटाने पाण्यात पाय सोडले होते.

“पाणी गारच असतं.”

“तिकडे नाही! तिकडे कोमट आहे. इथेच गार आहे!”

टाचणीने एक पाय इकडे घातला, एक तिकडे. मग ती धक्क्यावर पालथी पडली आणि फटीतून खाली पाहू लागली.

खाली मासेच मासे होते! एवढं मोठं सरोवर मोकळं पडलेलं असताना सगळे धक्क्याच्या टोकाखाली दाटीवाटीने उभे होते. तिथल्या खांबाला शिंपलेही चिकटले होते, चांगले गुबगुबीत, तोंडं उघडी ठेवून. आणि त्यांच्यामध्ये होतं एका जाड नळीचं तोंड. त्यातून पाणी संथपणे बाहेर येत होतं.

“काका, ही नळी कसली?”

“ती होय? आपल्या काचेच्या टाक्यांचं जास्तीचं पाणी,” बाटलीकाका म्हणाले. “सरोवराचं पाणी आत घेतात, वाळूतून आणि कोळशातून गाळतात, गार करतात, टाक्यांतून फिरवतात आणि सोडून देतात. आधी नळी बागेकडे होती. पण नवं अतिथीगृह बांधलं ना, त्याच्या खिडकीतून नेमकी तीच दिसायची. साहेबांना ते बरं दिसेना. मग नळी इकडे वळवली.”

“कधी?” टाचणीने विचारलं.

“झाली की दोन वर्षं.”

दोन वर्षं! टाचणीने भोंग्याकडे पाहिलं. भोंग्याने तोंड उघडलं. टाचणीने त्यावर हात ठेवला.

“आणि काका, बाटली तुम्ही नेहमी इथेच भरता?”

“इथे सावली आहे,” काका म्हणाले. त्यात लपवण्यासारखं त्यांना काही वाटलं नाही.

तिघं तडक संचालकसाहेबांच्या खोलीत गेले. भिंतीवर एक आलेख होता. दोन वर्षांपूर्वी त्याची रेघ एकदम वर चढली होती आणि तिथे कोणीतरी लहानसा हार घातला होता.

“साहेब, बाटली भरायची जागा बदलून बघाल का?” टाचणीने विचारलं.

“बाळ, जागा बदलली की जुने आकडे आणि नवे आकडे जुळत नाहीत. शास्त्राला सातत्य लागतं.” साहेब कागदांवर सह्या करतच होते.

“पण जागाच चुकीची असली तर?”

“तर ती सातत्याने चुकीची हवी,” साहेब म्हणाले. आपण काय बोललो ते ऐकायला त्यांना सवड नव्हती. त्यांनी तिघांच्या हातात एकेक रंगीत पत्रक ठेवलं. त्यावर एक मासा हसत होता.

टाचणी मावशीला सांगायला धावली आणि प्रयोगशाळेच्या दारातच थबकली. मावशी मेलेले शिंपले एकेक करून ओल्या फडक्यावर मांडत होती. निजलेल्या लेकराला हलवावं तसा एकेकाला हात लावत होती. आता आत जाऊन काय सांगणार? ‘मावशी, मला वाटतं...’ वाटण्याने भागणार नव्हतं. ती तशीच मागे फिरली.

“भोंग्या, स्वयंपाकघरात बीट आहेत ना?”

“भूक लागली तुला? आत्ता?”

“किसायचे आहेत. सगळे!”

सकाळी समिती आली. पुढे अध्यक्षबाई होत्या. त्या कमी बोलत आणि सगळीकडे निरखून बघत. मागे दोन सदस्य होते, ते बाईंनी मान हलवली की हलवत. संचालकसाहेबांनी सगळ्यांना धक्क्यावर आणलं. मावशी मागे हाताची घडी घालून उभी होती. तिचा चेहरा उतरलेला होता.

टाचणी आणि भोंगा कठड्याला टेकले होते. शेपूट मात्र टाक्यांच्या दालनामागे, बीटच्या रसाची बादली घेऊन बसला होता. ‘तू लहान आहेस, मागे थांब’ हे त्याने जन्मभर ऐकलं होतं. त्याचा असा उपयोग आज पहिल्यांदाच होत होता. टाचणीने त्याला दहादा बजावलं होतं, “टाकीत नाही हं! माशांना त्रास व्हायला नको. टाकीतून पाणी बाहेर पडतं त्या पन्हळीत ओतायचं. भोंगा शिंकला की!”

“आता आपल्यासमोरच नमुना घेऊ,” साहेब म्हणाले. बाटलीकाकांनी दोरी हातात घेतली.

“हाऽऽक्छी!”

अध्यक्षबाई दचकल्या. एका सदस्याची टोपी उडाली. पण रंगीत पाणी नळीतून इथवर यायला थोडा वेळ तर लागणारच! आणि काका बाटली सोडायला निघालेसुद्धा.

“साहेब!” टाचणी पुढे झाली. “बाटली किती खोल सोडायची, ते कसं ठरवतात हो?”

साहेबांचा चेहरा फुलला. असा प्रश्न त्यांना वर्षानुवर्षं कोणी विचारला नव्हता. “उत्तम प्रश्न! थांबा हो जरा. त्याचं असं आहे...” त्यांनी प्रकाश सांगितला, तापमान सांगितलं, स्वतःचं शिक्षण सांगितलं. टाचणी मान डोलावत फटीतून खाली बघत होती. गारशा पाण्यात एक लालसर धागा आला. मग दुसरा.

“कळलं, साहेब!” ती म्हणाली.

बाटली खाली गेली. बाटली वर आली.

बाटलीतलं पाणी गुलाबी होतं!

साहेबांनी बाटली उन्हात धरली, सावलीत धरली. “प्रकाशाचा परिणाम,” ते म्हणाले.

“बीटचा,” टाचणी म्हणाली. “आम्ही तो आत्ताच ओतला, टाक्यांच्या पन्हळीत. ते पाणी या धक्क्याखाली येतं. गाळलेलं, स्वच्छ. दोन वर्षं बाटलीत तेच भरतंय. सरोवराचं पाणी कोणी मोजलेलंच नाही! मासेसुद्धा म्हणूनच इथे गोळा झालेत. बघा हवं तर!”

अध्यक्षबाई खरोखरच गुडघे टेकून वाकल्या आणि फटीतून पाहू लागल्या. सदस्यही वाकले. बऱ्याच वेळाने त्या उठल्या, त्यांनी मावशीकडे वळून विचारलं, “तुमचे शिंपले कुठे असतात?”

“मधल्या पिंपाखाली,” मावशी म्हणाली.

“बाटली तिथे भरू या.”

दुपारपर्यंत प्रयोगशाळेत तपासणी झाली. पिंपापाशी भरलेलं पाणी माणसांना पाजण्यालायक नव्हतं. शहराचे नळ सुटायचे राहिले. वरच्या अंगाचे सगळे नाले, वस्तीचे आणि कारखान्यांचे, शोधून तपासायचं ठरलं. शिंपले विभाग बंद होण्याऐवजी त्याला एक मदतनीस मिळणार होता.

“मी नेहमीच म्हणत आलोय,” साहेब घाम पुसत म्हणाले, “मुलांना शास्त्राची गोडी लागली पाहिजे.” आलेखावरचा हार त्यांनी कधी काढला, ते कोणी पाहिलं नाही.

टाचणीकडून सगळं ऐकल्यावर अध्यक्षबाईंनी शेपटाचे लालेलाल हात हातात घेतले. “शाबास! गार पाणी तुला सापडलं ना? मोठ्यांनी पाय बुडवून पाहायला हवे होते.”

बाटलीकाका मात्र बाकावर रिकामी बाटली घेऊन बसून होते. “मी मन लावून भरत होतो गं,” ते म्हणाले. टाचणी त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

संध्याकाळी होडी पुन्हा निघाली. वाचलेले शिंपले रात्रभर स्वच्छ टाकीत राहून जरा सावरले होते. दोघांतिघांनी तोंडं उघडली होती.

“परत तिथेच सोडणार?” शेपटाचे डोळे भरून आले. “आपण जिंकलो ना, मावशी?”

“हो. तुम्ही नसता तर आज शहरभर हे पाणी गेलं असतं.” मावशीने त्याला जवळ घेतलं. “पण पाणी कालच्याइतकंच घाण आहे, राजा. नाले बंद होईपर्यंत इथे कोणीतरी पहारा करायला हवा. आता त्यांना दर थोड्या दिवसांनी विश्रांतीला आणू. मदतनीस आहे ना.”

टाचणीने एकदाही प्रश्न विचारला नाही. तिने भोंग्याबरोबर दोरी धरली आणि दोघांनी मिळून पिंजरा हळूहळू पाण्यात सोडला.

भोंगा होडीच्या काठावर वाकला. “लवकर परत काढू हं,” तो म्हणाला.

पिंपावर एक बगळा बसला होता. तो उडाला नाही.