डोकं बाहेर

'रोहिणी' अवकाशस्थानकातल्या भाजीच्या बागेची प्रमुख शरयू खांडेपारकर हिने नऊ दिवस सर्दी अंगावर काढली. दहाव्या दिवशी तिचा उजवा डोळा सुजून पुढे आला, पापणी उघडेना, अंग तापाने फणफणलं.

स्थानकाच्या डॉक्टर रुक्साना मुजावर यांनी तपासणी केली. नाकाशेजारच्या पोकळीतले जंतू शिरांत शिरले होते आणि डोळ्यामागे, मेंदूच्या तळाशी, रक्ताची गुठळी धरली होती.

अभियंते विश्राम गावित यांना हे पटेना. सर्दी मेंदूपर्यंत जाईलच कशी, असं त्यांनी विचारलं.

"पायांच्या शिरांना झडपा असतात, रक्त मागे फिरत नाही," रुक्साना म्हणाल्या. "चेहऱ्याच्या शिरांत तशी अडवणूक फारशी नसते. जमिनीवर निदान वजनाने रक्त डोक्यातून खाली उतरतं. इथे वजनच नाही. ते कुठेही वळतं."

प्रतिजैविकं चालू होती, पण गुठळीत ती पुरेशी मुरत नव्हती. परत उतरायला तीन दिवस लागणार होते. तेवढा वेळ शरयूकडे नव्हता. पृथ्वीवरच्या तज्ज्ञांनी सुचवलं, की व्यायामाच्या फिरत्या पाळण्यात तिला पाय बाहेरच्या बाजूला करून झोपवावं. रक्त पायांकडे जाईल, सूज उतरेल. गावित पट्टे बांधू लागले.

"उलटं बांधा. डोकं बाहेर," रुक्साना म्हणाल्या.

गावितांचे हात थांबले. डोक्यात आणखी रक्त भरेल, असं ते म्हणाले.

"भरेल, अकरा मिनिटं. जंतू ज्या वाटेने गेले, त्याच वाटेने औषध न्यायचंय."

रक्तापेक्षा जड असे औषधाचे भारकण रुक्साना शरयूच्या नाकाशेजारच्या शिरेत सोडणार होत्या. पाळणा फिरला की ते बाहेरच्या बाजूला, म्हणजे थेट गुठळीकडे सरकणार होते. मग तिला फिरवून, पाय बाहेर करून दाब उतरवायचा.

दाब वाढला तर दृष्टी जाईल, कदाचित जीवही, हे त्यांनी शरयूपासून लपवलं नाही.

"तुमच्या आईवर केलं असतंत का?" शरयूने विचारलं.

"हो, ताई. आणि एव्हाना सुरूही केलं असतं."

सहाव्या मिनिटाला शरयू कण्हू लागली. गावितांचा हात थांबवायच्या कळीकडे गेला. रुक्सानांनी दाबाच्या आकड्यावरची नजर न हलवता मान नकारार्थी हलवली. अकरा मिनिटं पुरी झाली.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. चौथ्या दिवशी सकाळी पापणी उघडली. डोळ्याचे स्नायू अजून दुबळे होते, म्हणून सगळं दुहेरी दिसत होतं. पुढे दोन आठवड्यांत ते सावरलं. त्या सकाळी मात्र शरयूला शेजारी दोन रुक्साना दिसल्या, दोघीही भिंतीला पट्टा बांधून गाढ झोपलेल्या.