फ्रँक हॉब्सची बंदूक

दूध आटतंय तोवर सांगतो. सुयश, कन्झर्व्हेटरीतला, या काचेच्या खोलीतला, दिवा मालव. चंद्र काही आज ढगातून बाहेर येत नाही, या इंग्रजांच्या देशात कोजागिरी अशीच करायची असते. आणि आश्लेषा, मघाशी विचारत होतीस ना, नकुल का आला नाही म्हणून? त्याचीच गोष्ट आहे. त्याच्या तोंडून ऐकलेली. माझं पदरचं तिखटमीठ काही नाही.

नकुलला हा बंदुकीचा नाद लागला ऑफिसच्या एका आउटिंगला. मशीन मातीची चकती हवेत फेकतं, आपण ती फोडायची. जन्मात झुरळावर चप्पल न उगारलेला माणूस! पण लागला नाद. पोलिसांकडून रीतसर सर्टिफिकेट काढलं, जिन्याखाली स्टीलचं कपाट भिंतीत ठोकून बसवलं, आणि कस्तुरीची, म्हणजे बायकोची, भरपूर बोलणी खाल्ली.

नेमबाजीच्या मैदानावर त्याला फ्रँक हॉब्स भेटला. ऐंशी ओलांडलेला म्हातारा, भर उन्हाळ्यात टाय लावणारा. त्याच्याकडे एक जुनी इटालियन सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन होती. एक बार उडाला की आतला बोल्ट मागे सरकून पुढे येतो आणि पुढचं काडतूस आपोआप वर चढतं, तसली. कधीच बंद पडलेल्या एका लहानशा कारखान्याची. इकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आल्या असतील. सुटे भाग कुठेही मिळायचे नाहीत. शहाण्या माणसाने घेऊ नये अशी वस्तू, म्हणून नकुल तिच्यावर लट्टू.

मग फ्रँकची नजर अधू झाली, गाडी चालवणं सुटलं. एक दिवस तो नकुलला म्हणाला, "पोरा, ही तू घे. दुसऱ्या कुणाला नकोय. दुकानदार कापून भंगारात घालतील."

ठरलं ते असं. फ्रँकने बंदूक गावाबाहेरच्या एका बंदूक-विक्रेत्याकडे पाठवून ठेवायची आणि शुक्रवारी संध्याकाळी दोघांनी तिथे भेटायचं. फ्रँक बसने येणार. खरं तर त्याने यायची गरज नव्हती. पण म्हणाला, "तिच्या खोडी तुला हातात घेऊन दाखवायच्यात. बोल्ट कधी रुसतो, कसा मनवायचा. ते फोनवर जमत नाही."

गुरुवारी रात्री कस्तुरीने नकुलला अडवलं. "अरे, पितृपक्ष चालू आहे. आपण नवीन टॉवेलसुद्धा आणत नाही, आणि तू बंदूक आणणार? आय ॲम सीरियस, नकुल. घटस्थापना होऊ दे, मग आण."

कस्तुरीचं काही चुकलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. फ्रँकला एक फोन करायचा होता, बस. पण इंग्रज म्हाताऱ्याला पितृपक्ष कसा समजावणार? हसला तर? वेड्यात काढलं तर? सकाळी सांगू, दुपारी सांगू, असं करत नकुलने शुक्रवार घालवला. संध्याकाळी फ्रँकचाच फोन आला. नकुलने वाजू दिला. पुन्हा आला. तोही वाजू दिला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने फोन सोफ्याच्या उशीखाली सारला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. आपण सभ्य माणसं अशीच वाईट वागतो. कुणाला तोंडावर नाही म्हणायचं नसतं ना!

पुढचे दिवस लाजेत गेले. मग बुधवारी, दोन ऑक्टोबरला, विक्रेत्याचा फोन आला. उद्यापासून दुकान पंधरा दिवस बंद, तुमची बंदूक आजच घेऊन जा. सर्वपित्री अमावस्या होती. घरात खीर-वड्यांचा स्वयंपाक झालेला. कस्तुरीच्या कपाळावर आठी पडली, पण तिने अडवलं नाही. ऑफिस सुटल्यावर नकुल निघाला. आधी बंदूक घ्यायची, मग परस्पर फ्रँकच्या घरी जाऊन माफी मागायची, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

विक्रेत्याने बंदूक समोर ठेवली आणि म्हणाला, "फ्रँकचं फार वाईट झालं."

"फ्रँकचं? काय झालं?" नकुलने विचारलं.

"तुम्हाला माहीत नाही? शुक्रवारी दुकान बंद होईपर्यंत इथे बसला होता, या खुर्चीत. दाराकडे तोंड करून. मी म्हटलं, घरी सोडतो. तर म्हणाला, नको, नकुल कुठेतरी अडकला असेल, वाटेत भेटेल मला. शेवटची बस चुकली त्याची. सकाळी पहिल्या बसच्या ड्रायव्हरला दिसला, चौकातल्या शेल्टरमध्ये. ताठ बसलेला. ड्रायव्हर बिचारा दार उघडून थांबला, आता चढेल म्हणून." विक्रेत्याने चष्मा पुसला. "हार्ट, म्हणे. तुम्हाला काही काम निघालं होतं का?"

"हो," नकुल म्हणाला. "ऑफिसात."

बंदूक रिकामी आहे हे दोघांनी तपासलं. ती लांब पिशवीत घातली, चेन लावली, डिकीत ठेवली.

बाहेर मिट्ट काळोख. त्या रस्त्याला दिवे नाहीत. एक गाडी जेमतेम जाईल एवढा रस्ता, दोन्ही बाजूंना उंच झुडपांच्या भिंती. परतीची वाट एकच, चौकातून जाणारी.

शेल्टर दिसलं.

आत कुणीतरी बसलं होतं.

नकुलचा पाय ब्रेकवर गेला. गाडी हळू झाली. तो माणूस उठला... सावकाश, गुडघ्यांवर हात टेकून. कोट. टाय. रस्त्याच्या कडेला आला. हात पुढे केला... बसला करतात तसा.

काच खाली केली असती तर बोलता आलं असतं. एवढं जवळ.

नकुलने मान फिरवली... आणि ॲक्सिलरेटर दाबला.

पुन्हा. कळतंय का तुम्हाला? पुन्हा तेच केलं त्याने.

मैलभर काही नाही. मग मागे, डिकीत... सर्र्. बोल्ट मागे ओढल्याचा आवाज. थांबला. खट्. पुढे आला.

नकुलने आरशात पाहिलं.

सर्र्... या वेळी आणखी सावकाश. मध्येच किंचित अडवून... खट्. मग तिसऱ्यांदा. तसंच, न चिडता. नवख्या माणसाला शिकवतात तसं.

"फ्रँक... सॉरी."

घर येईपर्यंत पुन्हा आवाज नाही.

बंदूक कपाटात ठेवून त्याने कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं. मग तो कस्तुरीसमोर बसला आणि सगळं सांगितलं. उशीखालच्या फोनसकट. रडला. "मी मारलं त्याला," म्हणाला. ती म्हणाली, "नाही रे." मग ती उठली, एका ताटलीत उरलेली खीर, वडे, भाजी वाढली. "पंधरवड्यातच गेला ना तो. त्यालाही वाढू." नकुलने काटा-सुरी आणली. फ्रँक हाताने कसा खाणार? ताटली मागच्या बागेतल्या बाकावर ठेवली, काटा-सुरी तिच्यात शेजारीशेजारी नीट मांडली, आणि हात जोडून म्हणाला, "फ्रँक, पोटभर जेव. आणि मला सोड."

सकाळी ताटली स्वच्छ होती. कोल्हा असेल, असंच म्हणणार ना सुयश? मीही तेच म्हणालो. रीडिंग गावात कोल्ह्यांना काय तोटा. पण नकुल तेव्हापासून अंधार पडल्यावर घराबाहेर पडत नाही.

सिया, तू इथल्या शाळेत शिकलीस. ताटलीत काटा-सुरी शेजारीशेजारी ठेवली तर काय समजायचं?

"फिनिश्ड, काका. प्लेट घेऊन जा."

आणि अशी? टोकं एकमेकांना टेकवलेली, मुठी दोन बाजूंना?

"तशी म्हणजे... उचलू नका. माझा जेवण अजून झाला नाही."

हं...

नकुलला ती सकाळी तशी दिसली.