गाडी मिस करतेय

चढाच्या ऐन मध्यावर पिकअपने आचका दिला. मग दुसरा... आणि फट्-फट् करत ती जेमतेम वरपर्यंत चढली. मागे गुलाबांच्या बादल्या हिंदकळल्या. फूलवालीने कपाळावर हात मारला. त्यातल्या त्यात नशीब, समोरच गॅरेज होतं.

मेकॅनिक हात पुसत आला. बॉनेट उघडून त्याने कान लावला, डोळे मिटले.

“मिस करतेय,” तो म्हणाला.

“कोणाला?”

त्याने डोळे उघडले. “अं? नाही हो... इंजिन मधेच एखादा ठोका चुकवतं ना, त्याला आम्ही मिस करणं म्हणतो.”

तिचे कान तापले. गाडी बाबांच्या वेळची, आचके गाडीचे, आणि लाजायचं हिने!

त्याने प्लग बदलले. तासाभराने गाडी अगदी सुतासारखी सरळ झाली. तीन दिवसांनी त्याच चढावर पुन्हा तेच. मग त्याने फिल्टर बदलला, पुढच्या खेपेला कार्बोरेटर खोलून साफ केला. गॅरेजात थोडा वेळ उभी राहिली की गाडी शहाण्यासारखी वागायची, आणि फुलं पोचवायला निघालं की पुन्हा खोकायची. दरम्यान त्याला तिच्या चहात साखर किती लागते ते पाठ झालं होतं.

“तो तुला गंडवतोय,” दादा म्हणाला. “मुद्दाम बिघाड ठेवतोय. या खेपेला नाही जमलं तर गाडी माझ्या ओळखीच्या गॅरेजात जाईल.”

झालं! तिच्या डोक्याचा पार भुगा झाला. तो मुद्दाम करत असेल, तर लबाड. आणि मुद्दाम करत नसेल, तर... तर तिने रोज यावं असं त्याला वाटतच नाही की काय? देठ कापता कापता तिने चांगल्या तीन कळ्याच छाटल्या. नेमकं काय खरं निघायला हवंय, तेच तिला कळेना.

शेवटी तिने सरळ विचारलं, “खरं सांगा... मुद्दाम करताय का?”

त्याचा पाना हातातच राहिला. “मुद्दाम?” तो दुखावला होता. “उद्या मी तुमच्यासोबत बसतो. फुलं भरल्यापासून.”

दुसऱ्या दिवशी तो शेजारी बसला, मांडीवर हात घट्ट धरून. चढ आला, आचके आले. तो उतरला आणि थेट पेट्रोलच्या टाकीपाशी गेला. झाकण फिरवलं... फुस्स! झाकणाखाली प्लॅस्टिकच्या पिशवीची घडी होती.

“हे काय?”

“फुलांना पेट्रोलचा वास लागतो अशी तक्रार होती,” ती पुटपुटली, “म्हणून मीच...”

“अहो, झाकणाला बारीक भोक असतं! पेट्रोल जातं तशी हवा आत यायला नको? श्वास कोंडलाय बिचारीचा.” तो हसत सुटला. मग हसू आवरून हळूच म्हणाला, “आणि मला वाटायचं, तुम्हीच मुद्दाम...”

“मी? मी कशाला!”

ती फटकन बोलून गेली. त्याचा चेहरा उतरला.

“तेच ना... तुम्ही कशाला.” त्याने पिशवी तिच्या हातात दिली. “आता नाही त्रास द्यायची.”

खरोखरच नाही दिला. चार दिवस गाडीने एकही आचका दिला नाही. गॅरेजासमोर फूलवाली मुद्दाम वेग कमी करायची. तो मात्र मान खाली घालून कुठलातरी नट पिळत बसायचा. तिला गाडीचा असा राग आला, की बोलायची सोय नाही.

पाचव्या दिवशी पिकअप आचके देत गॅरेजात शिरली.

“गाडी मिस करतेय,” ती म्हणाली.

या वेळी त्याने इंजिनला कान लावलाच नाही. झाकण उघडलं. आत नवी कोरी पिशवी, नीट चौकोनी घडी घातलेली.

“विसरून राहिली का?” त्याने पिशवीवरून नजर न उचलता विचारलं.

“नाही. मुद्दाम.”

“आणि गाडी...”

“गाडीचं मला माहीत नाही,” ती म्हणाली. “मी करतेय.”

त्याच्या हातून झाकण निसटलं आणि उतारावरून घरंगळत गेलं. ते शोधायला दोघांना चांगला तासभर लागला. घाई कोणालाच नव्हती.